पाचव्या कागदावरचे दहा

माझी दारू सुटली याचं लोकांना कौतुक आहे. भिलाईच्या सेक्टर सहाच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की बरोबरच्या माणसाला सांगतं, ह्यांच्याकडून शिका. मी मान हलवतो आणि स्कूटर सुरू करतो. ज्याच्याबरोबर मी दारू सोडायला बसलो त्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. मीही आजवर सांगितलं नाही.

आम्ही दोघं फौजेतून सुटून आलेलो. तो हवालदार, मी नायक. दोघांचे वडील विदर्भातून इथे कारखान्यात आले, म्हणून घरं भिलाईत. एका खासगी मिलच्या गेटवर सिक्युरिटीत एकत्रच लागलो, आणि ड्यूटीवर प्यायलेले सापडलो म्हणून एकाच दिवशी निघालो. साहेब म्हणाले, इलाज पूर्ण केल्याचा कागद आणा, मग बघू.

दवाखान्यात भरती व्हायचं नव्हतं. दर गुरुवारी सकाळी तिथल्या ओपीडीत जायचं, सहा बैठका. समुपदेशन करणाऱ्या मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: पिण्याआधी मनात एक विचार येतो, तो पकडा आणि तपासा. त्यासाठी दर आठवड्याला घरी भरायला एक कागद द्यायच्या आणि पाहून परत करायच्या. काय घडलं, मनात काय आलं, ते खरं कशावरून, खोटं कशावरून, आणि शेवटी पिण्याची ओढ शंभरपैकी किती.

हवालदाराचा हात इतका थरथरायचा की सही करताना कागद फाटायचा. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी वैशाली नगरला त्याच्या घरी जायचो. मागच्या अंगणात पेरूखाली खुर्च्या टाकायचो. तो सांगायचा, मी लिहायचो.

"लिही नायक, ओढ नव्वद."

"मागच्या हप्त्यात ऐंशी होती. वाढली कशी?"

"वाढली तं वाढली. मी काय लिफ्ट आहो, बटन दाबलं का खाली जाईन?"

मी साठ लिहिलं.

त्यात मला काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. गेटवर गस्तीचं रजिस्टर असायचं. दर तासाला फेरी मारून 'सब ठीक' लिहायचं. आम्ही ड्यूटीवर येताच आठही तासांचं 'सब ठीक' एका दमात लिहून टाकायचो, दोन वेगळ्या पेनांनी, म्हणजे संशय नको. कधी काही बिघडलं नाही. त्याच सवयीने मी त्याचे कागद भरत गेलो. आकडा उतरला तर मॅडम खूश, आणि दोघं परत गेटवर. आकडा चढला तर त्या त्याला भरती करायला लावतील आणि मला एकट्याला परत जावं लागेल. मला एकट्याला जायचं नव्हतं. याला मी तेव्हा दोस्ती म्हणत होतो.

पाचव्या बुधवारी त्याने थट्टा केली नाही.

"लिही. मी घरात पाय ठेवला का पोरगी हसनं बंद करते. फोनवर हसत असन तं फोन ठेवते. मी नाही राहिलो तं या घरात हसनं तरी राहीन."

माझं पेन थांबलं. "हे नाही लिहत मी. मॅडम भरती करून टाकतीन तुले."

"खरं आहे ना पन ते."

"असू दे खरं. एकच बैठक राहिली. ते झालं का मंग सांगजो."

तो बराच वेळ पायाशी पडलेला कच्चा पेरू चपलेने इकडून तिकडे ढकलत राहिला. मग म्हणाला, "तुले जे वाटते ते लिही."

मी लिहिलं: टीव्हीवर मॅच पाहताना प्यावंसं वाटलं, चहा घेतला. ओढ दहा.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बैठकीत मॅडमनी तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "देखिए, इसे कहते हैं मेहनत." त्याने हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी तो घरातून निघाला आणि दोन दिवस पीत राहिला. बुधवारी रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात नेता नेता रिक्षातच गेला.

मला इलाज पूर्ण केल्याचा कागद मिळाला. गेटवर परत लागलो. पुन्हा प्यायलो नाही. ही हिंमत नाही. बाटली दिसली की तो चपलेने पेरू ढकलताना दिसतो, एवढंच.

त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, ते पाच कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत ठेवलेत. मी गेलो की काढायच्या.

"भाऊजी, ते सांगत अन् तुमी लिहत, हो ना?"

"हो."

"दहावर आलं होतं हो. मंग कावून पेले?" आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. "त्या सोमवारी पोरीले पाहाले पाहुने येनार होते. मी म्हनलं, तुमी मागच्या खोलीत बसा. तेच लागलं त्याईले. मीच केलं."

"नाही हो वहिनी," मी म्हणायचो आणि चहा प्यायचो. दोन वर्षं प्यायलो. दहा खोटे आहेत म्हणालो असतो तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, आणि ते मला सांगता आलं नसतं.

मागच्या महिन्यात सांगितलं. त्या दिवशी त्यांनी फाइल काढली नव्हती. त्या सोमवारी पाहुण्यांसाठी काढल्या होत्या त्याच कपबश्या पुसत बसल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, ते दहा माझे आहेत. त्यानं दहा म्हटलंच नव्हतं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मंग काय म्हटलं होतं त्याईनं?"

मी सांगितलं. शब्द न बदलता.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मले नाही सांगितलं कधी. तुमाले सांगितलं. अन् तुमी दाबून ठेवलं." मग एकदम दाराकडे पाहून हळू आवाजात, "पोरीले नका सांगू. दोन वर्षं मले वाटत होतं, मी मारलं. आता तिले वाटन."

मी हो म्हणालो. पुन्हा हो.

फाटक वाजलं. पोरगी ड्यूटीवरून आली. फोनवर कुणाशी तरी बोलत, मोठ्याने हसत आत आली आणि दारात मला पाहिलं.

"मंग करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.