गणित उलट म्हण

शिडी पंधरा मीटरची होती आणि श्रीपादने दहा मीटरच्या शिडीचं उत्तर लिहिलं होतं. भिंतीला टेकलेली शिडी घसरते, तिचं वरचं टोक किती वेगाने खाली येतं, असं बारावीचं नेहमीचं गणित. मी फक्त पुस्तकातला आकडा बदलला होता.

"पुस्तकातलं पाठ केलंस?"

"हो मॅडम. सगळीच गणितं पाठ आहेत."

द्वारका चौकाजवळच्या एका क्लासमध्ये मी रिपीटर्सना, म्हणजे बोर्डात राहिलेल्या मुलांना, गणित शिकवते. थापा मारणारे पुष्कळ भेटतात. हा खरं बोलत होता. वडील गोदाघाटावर पौरोहित्य करतात, आणि हा दहावीपर्यंत वेदपाठशाळेत होता. केमिस्ट्रीच्या रिअ‍ॅक्शन्स अशाच घोकून त्याने मार्क मिळवले होते. गणितात मात्र राहिला. त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. वडिलांनी बजावलं होतं, ही शेवटची परीक्षा, नाहीतर घाटावर बसायचं.

"पाठ करू नकोस," असं सांगून पाहिलं. पण दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती. मला वाईट वाटलं. मग विचारलं, "पाठशाळेत चूक कशी पकडायचे?"

"उलट म्हणायला लावायचे. दोन शब्द सुलट, मग उलट, परत सुलट. नुसती लय धरून म्हणणारा तिथे अडकतो."

"मग गणित तसंच म्हण. उत्तरापासून मागे ये. प्रत्येक ओळ कुठून आली ते सांग."

पहिल्याच ओळीला अडकला. पण आपण नेमके कुठे अडकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. घरी रोज कुणाला तरी म्हणून दाखव, असं मी सांगितलं.

श्रीपाद पास झाला. अ‍ॅडमिशन ठरल्यावर वडील भेटायला आले. मी विचारलं, "घरी कोण ऐकायचं?"

"मीच. गणितातलं ओ की ठो कळत नाही. पण पोरगा समजून म्हणतोय की रेटून नेतोय, ते आवाजावरून कळतं. रेटलं की थांबवायचो."

"पास झाला तर घाटावर येणार नाही, हे माहीत होतं ना?"

"होतं. एकदा मनात आलंही, चुकतोय तर चुकू दे. पण चुकलेलं ऐकून गप्प बसणं आम्हाला जमत नाही, मॅडम."

रिअ‍ॅक्शन्स घोका, गणित उलट म्हणा, हे मी आता प्रत्येक बॅचला सांगते. ऐकायला कुणीतरी समोर बसवा, हे सांगताना मात्र जरा अडखळते. तसा माणूस सगळ्यांच्या घरी नसतो.