बंद खटक्याचा गोडवा

रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरमधला कपॅसिटर मी बदलला, मधले सूर थोडे खालून उचलता यावेत म्हणून. स्टुडिओचे मालक नाना एका गायिकेचं रेकॉर्डिंग लावून, डोळे मिटून त्याचं बटण फिरवत म्हणाले, "वा! बाईंचा गळा मोकळा झाला बघ." मलाही तसंच ऐकू आलं. मग दिसलं, इक्वलायझरचा खटका बंदच होता. बटण नुसतंच फिरत होतं.

"मग मी वा कशाला म्हणालो रे?" नाना हसले. मला हसू येईना. आठवीत शाळा सोडून परमुलखात आलेल्या मला त्यांनी ठेवून घेतलं, ते या कानाच्या भरवशावर. उपकारच ते. पण कानाचंच काही खरं नाही. हवं तेच ऐकतो. फोनवर आई "बरी आहे" म्हणते, तेव्हा तिचा आवाज मला ठणठणीत वाटतो.

आज गावी शेजारच्या काकूंना फोन लावला. "काकू, खरं सांगा, आई कशी आहे?"