औषधांच्या डब्यातलं चॉकलेट

"पोटॅशियम सहा पॉइंट आठ!" डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे टाकला. "मॅडम, एकतर तुमचा डाएट चार्ट चुकलाय, नाहीतर पेशंट खोटं बोलतोय."

मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात डाएटिशियन होते. पेशंट म्हणजे इंदिरानगरचे गायधनीकाका. सातपूरच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली. आता दोन्ही किडन्या निकामी, म्हणून डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळणं. अशा पेशंटच्या रक्तात पोटॅशियम साठतं. साडेपाचच्या वर गेलं की काळजी. सातच्या आसपास हृदय अचानक बंद पडू शकतं.

मी चार्ट पुन्हा तपासला. केळी, शहाळं, टोमॅटो बंद. बटाटा चिरून, भिजवून, पाणी फेकून. काकूंना विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या. "अहो, नाशकात राहून द्राक्षाचा मणी दिला नाही मी त्यांना!"

काका भडकले. "आयुष्यभर गेज लावून, मापं घेऊन माल रिजेक्ट केलाय. मला मोजायला शिकवू नका."

माणूस खोटारडा वाटेना. एखाद्या चूर्णात पोटॅशियम असेल म्हणून घरातली सगळी औषधं मागवली. काकूंनी स्टीलचा डबा उघडला. गोळ्यांच्या खाली चांदीच्या कागदात डार्क चॉकलेट.

"हे काय?"

"मुलानं अमेरिकेहून पाठवलंय. अँटिऑक्सिडंट असतं ना, हृदयाला चांगलं. रोज जेवणानंतर चार वड्या देते ह्यांना. वेळ चुकवत नाही मी."

"मला सांगितलं नाहीत ते?"

"तुम्ही खाण्याचं विचारलंत. हे औषध आहे."

मुलानं वाचलं ते खोटं नव्हतं. कोकोत अँटिऑक्सिडंट असतात. पण पोटॅशियमही भरपूर असतं, आणि चॉकलेट जितकं गडद तितकं जास्त. निरोग्याची किडनी ते बाहेर टाकते. काकांची टाकत नव्हती.

चॉकलेट त्याच दिवशी बंद झालं. काका मशीनकडे बघत म्हणाले, "आधी कडूजहर लागायचं. मग जिभेवर विरघळू द्यायला शिकलो. तेवढीच चव उरली होती, मॅडम."

काही आठवड्यांत आकडा पाचवर आला. मी डॉक्टरांना गाठलं. "डायलिसिस सुरू होताना एक छोटी वडी? त्यातलं पोटॅशियम मशीन काढून टाकेल."

"एकच. आणि तुमच्या देखत."

मी आनंदानं सांगायला गेले. काकूंनी हात जोडले. "नको. माझ्या हातानं विष घालत होते मी त्यांना. आता घरात येणार नाही ते."

"अगं, एक वडी," काका म्हणाले.

काकूंनी नकारार्थी मान हलवली. काकांनी पुन्हा कधी वडी मागितली नाही.

पुढच्या वर्षी ते इन्फेक्शननं गेले. शेवटच्या रिपोर्टात पोटॅशियम अगदी नॉर्मल होतं.

तेव्हापासून मी पेशंटला "काय खाता?" असं विचारत नाही. "तोंडात काय काय जातं?" असं विचारते. आणि औषधांचा डबा आधी उघडायला लावते.