पहिला शब्द सरांना विचारून

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. तुपे सर इंग्रजी शिकवतात, एवढं पुरेसं आहे! मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवतो, म्हणजे सगळं फुकटात ऐकतो.

खर्ड्याजवळच्या आमच्या शाळेत सरांचा एकच कायदा. इंग्रजी वाक्य 'अँड', 'बट', 'सो', 'बिकॉज' यांनी सुरू करायचं नाही. "हे मागच्या बाकावरचे शब्द. त्यांनी पुढं यायचं नाही!"

मी एकदा विचारलं, "का चालत नाही पण?"

"कारण..." म्हणाले आणि खडू शोधायला लागले.

*

शिपाई भाऊसाहेबांची गाय व्यायला झाली होती. सरांच्या हट्टापायी आमच्याकडे रजेचा अर्जसुद्धा इंग्रजीत. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'बिकॉज माय काऊ...' लाल रेघ! मग 'सो माय काऊ', मग 'अँड माय काऊ'. पुन्हा रेघा.

चौथ्या वेळी भाऊसाहेब मोकळ्या हातानं आले. "ऱ्हाऊ द्या सर रजा. वासरू उड्या मारतंय!"

*

सहामाहीत पोरांनी धसका घेऊन प्रत्येक वाक्य 'द'नं सुरू केलं. 'द आय ॲम अ बॉय.' 'द माय फादर इज अ फार्मर.' अख्ख्या वर्गाचे पेपर तसेच. मी पोट धरून हसलो.

सर गंभीर. "चुका आहेत. पण सुरुवात निर्दोष आहे!"

मार्कही दिले हो.

*

गॅदरिंगला संस्थेचे अध्यक्ष इंग्रजीत बोलले. "बट आय ॲम हॅपी. बट द स्कूल इज गुड. बट थँक यू!" सगळ्यात जोरात टाळ्या तुपे सरांच्या.

मी कानाशी लागलो. "सर, तीन वेळा बट!"

"साहेबांचं बट अनुभवातून आलेलं असतं."

टाळ्या मीही वाजवल्या. नोकरी मलाही टिकवायची आहे.

*

आणि ही दहावीतली सविता. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघतात, तिलाही न्यावं लागतं, चार महिने शाळा बुडते. यंदा संगमनेरच्या एका हॉस्टेलच्या मॅडम मुली निवडायला शाळेत आल्या. जागा एकच. मिळाली तर सविता शिकणार, नाहीतर पुन्हा फडावर. मुलाखत इंग्रजीत. समोर मॅडम, बाजूला तुपे सर, दाराशी मी.

सविता आठवडाभर माझ्यापुढं उत्तरं म्हणत होती. सगळी पाठ होती पोरीला.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "तुला आमच्याकडं का राहायचंय?"

"बिकॉज..."

सर खाकरले. सविता थांबली.

"सो..."

सर पुन्हा खाकरले. मला बोलायला हवं होतं. मी दाराची कडी धरून उभा राहिलो, त्याची अजून लाज वाटते.

"अँड..."

सरांनी नुसती मान हलवली. मॅडमनी घड्याळ बघितलं, फॉर्म मिटायला घेतला.

तेव्हा सविता सरांकडं वळली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं.

"सर, पहिला शब्द तुमी सांगून टाका. फुडचं समदं माझं मला येतंय."