सलोमीची पाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आणि ज्या सिस्टरना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. आता सांगतेय ते मन हलकं करायला नव्हे. जड आहे ते जडच राहू दे. तुम्ही फक्त ऐका — आणि मध्येच ‘जाऊ द्या हो बाई’ म्हणू नका, त्या शब्दांचा मला राग येतो.

मागच्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. पिंपळगाव राजाहून एक जण आला होता, आता तो स्वतःच मास्तर आहे. माइकवर म्हणाला, बाईंनी उभ्या आयुष्यात कुणा लेकरावर हात उगारला नाही. टाळ्या पडल्या. मी शाल सावरत बसले. उठून बोलता आलं नसतं का? आलं असतं. तोंड मला लहानपणापासून भरपूर आहे.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. खामगावच्या अलीकडे एका गावात मिशनची चौथीपर्यंतची शाळा होती, सिस्टर लोक चालवायच्या. मी वडनेरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, सातवीची फायनल पास. पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्ग माझ्याकडे, एकाच खोलीत. नोकरीला लागताना मोठ्या सिस्टरनी एकच अट घातली होती — पूजाअर्चा ज्यानं त्यानं घरी करावी, वर्गात आणायची नाही. मी हो म्हटलं. आणि पुढं ती अट मोडली. मोडल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

का मोडली, ते ऐका. पहिलीत सलोमी होती. सहा वर्षांची, ख्रिस्ती घरातली. तिची आई सिस्टरांचं अंगण झाडायची. सगळी मुलं पाटीवर अ-आ गिरवायची आणि सलोमी लेखण मुठीत धरून अशी दाबायची, की तिचे तुकडे व्हायचे. निम्मे तुकडे ती खायची. मी चिंचोके मांडून अक्षरं करून पाहिली, धुळीत तिचं बोट फिरवून पाहिलं. काही जमेना.

मग दसरा जवळ आला. हिंदूंची मुलं पाटीपूजनासाठी सरस्वती काढायचा सराव करू लागली — तीच, एकाच्या आकड्याला एकाचा आकडा जोडत काढतात ती. सलोमी शेजारणीच्या पाटीकडे टक लावून बघत राहिली आणि तिनं लेखण मुठीतून सोडून बोटांत धरली. पहिल्यांदा. मी पाहिलं. आता मी काय म्हणायला हवं होतं — हे तुझं नाही, तू ठेव खाली? तसं मी म्हटलं नाही. आठ दिवस शाळा सुटल्यावर तिला मागं ठेवून, तिचा हात हातात धरून एकाचे आकडे काढून घेतले. नवव्या दिवशी तिनं एकटीनं अख्खी सरस्वती काढली. आजही तसंच शिकवीन. कुणाला काय म्हणायचं ते म्हणा.

दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या दिवशी मोठ्या सिस्टर वर्गात आल्या. रांगेतून फिरत फिरत सलोमीपाशी थांबल्या. विचारलं, हे कुणी शिकवलं? कुठल्या चेहऱ्यानं विचारलं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. माझ्या डोक्यात एवढंच — नोकरी गेली, वडनेरला परत, आणि महिन्याभरात बाप कुठंतरी लग्न लावून देणार. मी म्हटलं, शिकली असेल कुणाच्या घरी.

सलोमी उभी राहिली. कसली भीती नाही, काही नाही.

“तुमीनंच त शिकवलं मले, बाई.”

मी तिच्या कानाखाली मारली. जोरात. लेखण खाली पडून मोडली. आणि तिची पाटी ओढून घेऊन मी माझ्या पदरानं पुसली.

दुपारी सिस्टरनी मला बोलावलं. रेघा इतक्या सरळ होत्या, म्हणाल्या, की कुणी शिकवलं ते कळलं तर बाकीच्या वर्गांनाही दाखवता येईल, म्हणून विचारलं. सरस्वतीबद्दल त्यांच्या मनात काहीच नव्हतं. राग आला होता तो मारण्याचा. पुन्हा कुणा लेकरावर हात उचलायचा नाही, म्हणाल्या. मी मान हलवली, आणि पुन्हा खरंच कधी उचलला नाही. माझ्या नावाच्या टाळ्या तिथून सुरू होतात.

इथं थांबले तर तुम्ही मला माफ कराल. तरुण होती, घाबरली होती, एकदा हात सुटला. म्हणूनच थांबत नाही.

त्यानंतर सलोमी मी जवळ आले की पाटी पुसायची. थुंकी लावून, तळहातानं, घाईघाईनं. मी समोर उभी राहिले की पाटी कोरी. पण मी व्हरांड्यातून, खिडकीआडून पाहत असे. ती लिहायची. आधी र, मग ग, मग म. फाल्गुनापर्यंत स्वतःचं नाव, आईचं नाव, भिंतीवर टांगलेल्या तक्त्यातले सगळे शब्द. बोटं सुटली होती तिची. आणि वर्गात ती समोर बसलेली असली, की मला दिवसभर माझा हात दिसायचा.

निकालाच्या दिवशी तिची आई झाडू भिंतीला टेकवून दारात उभी राहिली.

“बाई, हिले खरंच लिवता येत नाई का?”

“नाही येत,” मी म्हटलं.

“मंग कायले धाडू हिले साळेत?”

दारात सलोमी आईच्या लुगड्याला धरून उभी होती. माझ्याकडेच बघत होती. तेव्हाही ती बोलली असती, पण एकदा बोलून तिनं बघितलं होतं.

मी म्हटलं, “नका धाडू.”

सिस्टरनी मला नंतर विचारलं, पोरगी का येत नाही? मी म्हटलं, घरच्यांनी काढली. त्यांनी विश्वास ठेवला. पावसाळ्यात शाळेत जाताना मला ती बायांबरोबर शेतात तण निंदायला जाताना दिसायची. मी रस्ता बदलला.

एकाच्या आकड्यांवरून मी पुढं तीस वर्षं मुलांना लिहायला शिकवलं. त्याचा मला अभिमान आहे, तो मी सोडणार नाही. आणि त्या वर्षीच्या निकालपत्रकात सलोमीच्या नावापुढे ‘अक्षरओळख नाही’ असं लिहिलंय. अक्षर माझं आहे, सुंदर आहे. निकालाच्या त्या दिवशी वर्गात सलोमीइतकं चांगलं कुणालाच लिहिता येत नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.