वाकलेली तबकडी

आक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याच सनईच्या तबकडीवरची धूळ पुसत होते. दवाखान्यात जाताना मला बजावून गेल्या होत्या, "कोरड्या फडक्यानं पुसजो. अन् गरम पाण्याच्या आसपास जाऊ नोको, तुया काही भरोसा नाही." महिना झाला त्याला... पण ते वाक्य आठवलं की रडू यायच्या आधी हसूच येतं.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. बीबी गावच्या शाळेत मास्तरीण होत्या, सुटीत खामगावला माहेरी यायच्या. माझ्या सासऱ्यांनी नागपूरहून आणलेल्या बारा तबकड्या म्हणजे त्यांचा जीव. आणि मी? लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, स्वतःला भलतीच कलावंत समजणारी बया! घरात कॅसेटचा टेप आला, जुना रेकॉर्ड-प्लेअर बंद पडला आणि कुठल्याशा मासिकात मी कृती वाचली: तबकडी गरम पाण्यात बुडवा, मऊ झाली की भांड्यावर दाबा, फुलदाणी तयार. एका दुपारी अकरा फुलदाण्या पाडल्या मी. बारावी, सनईची, पाण्यात टेकवली आणि दारात आक्का! घाबरून बाहेर ओढली, तोवर तिची कड वाकलीच. आक्कांनी शोकेसकडे पाहिलं. "काऊन वं, घर सजवून राह्यली का?" एवढंच. मग दिवाळीपर्यंत अबोला. मला तेव्हा वाटलं, यांना कलेतलं काही कळत नाही. धन्य ती मी!

निवृत्तीनंतर त्या आमच्याकडेच राहायला आल्या. मागच्या वर्षी एकदम म्हणाल्या, "मराच्या आधी ते सनई ऐकाची हाय मले." पेन्शनीत बसेल असा प्लेअर घ्यायचा ठरला. टॉवेलात गुंडाळलेली तबकडी मांडीवर घेऊन आम्ही दोघी ऑटोनं दुकानात गेलो. मला आवडली आकाशी रंगाची पेटी. स्पीकर आतच, वर सगळ्यात स्वस्त. दुकानदारानं तबकडी लावली. सुई वाकलेल्या कडेवर चढली आणि टुणकन उडाली. पुन्हा लावली, पुन्हा उडाली. "राहू दे बाप्पा, खरडून टाकशीन," आक्का म्हणाल्या. विशीत केलेला आगाऊपणा आता कायमचा नडणार होता...

आक्कांनी कोपऱ्यातल्या साध्या काळ्या प्लेअरकडे बोट दाखवलं. सुईच्या दांडीमागं फिरवायचं वजन, म्हणजे सुईचा भार बेताचा ठेवता येतो. झिजली तर सुईही बदलता येते. बाईंनी मोबाइलवर सगळा अभ्यास करून ठेवला होता! दुकानदारानं वजन बसवलं. सुई चढली, उतरली, चढली, उतरली... आणि सनई वाजायला लागली. आक्का डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"पाह्य, हा सांभाळून घेते."

"पण आक्का, याले स्पीकर कुठी हाय?"

"टीव्हीचा हाय ना घरी. तुया मालिका बंद!"

एवढ्या वर्षांनी उट्टं काढलं त्यांनी. मीही मुकाट्यानं काढू दिलं.

मग रोज सकाळी सनई. कोणी बोललं की आक्कांचं बोट ओठांवर. वाकलेली कड आली की दांडी वर जायची आणि तिच्याबरोबर खुर्चीत आक्कांची मानही. दांडी खाली, मान खाली. मी कितीदा चिडवलं असेल त्यांना!

आता त्या खुर्चीत मी बसते. काल सून म्हणाली, "आई, मान काऊन हालवून राह्यल्या?"

मी ओठांवर बोट ठेवलं.