कोरड्या डोळ्यांच्या आजी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. सोलापुरात होटगी रोडला एका वृद्धाश्रमात मी बरीच वर्षं म्हाताऱ्या माणसांचं सगळं करते — भरवणं, डायपर, अंघोळ, आणि कुणी गेलं तर शेवटची अंघोळसुद्धा. गेलेलं कुणी परत आलेलं नाही. आलं असतं तर आधी माझ्याशीच भांडलं असतं, पाणी गार होतं म्हणून!

कामाला लागले तेव्हा एका जुन्या मावशींनी शिकवलं होतं, "कामात जीव घाल बाई, माणसात नको." मी ते फारच मनावर घेतलं. अलीकडे कुणी गेलं की चादर बदलताना संध्याकाळी भाजी काय करायची, ते ठरवत असायचे.

आमच्याकडे खिडकीजवळच्या खाटेवर पद्मा आजी आहेत. विणकरांच्या घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. लकवा झाल्यापासून बोलणं गेलं, माणसांची ओळखही गेली. डोळे इतके कोरडे की पापण्या चिकटतात, म्हणून रोज ड्रॉप्स घालावे लागतात. त्यांच्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाही, असं डॉक्टर स्वतः म्हणाले होते.

...आणि या उन्हाळ्यात त्या रडायला लागल्या. मी गावाहून येऊन पुन्हा कामावर रुजू झाले त्या दिवसापासून. भर दुपारी, मी वेणी घालायला बसले की धारा लागायच्या. उशी ओलीचिंब. दुसऱ्या कुणाच्या ड्यूटीत टिपूस नाही.

सुमन माझ्याबरोबर काम करते, टेंभुर्णीची आहे. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "चिमटं काडती का काय गं तू म्हातारीला?"

माझं डोकंच फिरलं. मला तर तिचाच संशय होता — माझ्या आधी येऊन हीच डोळ्यांत काहीतरी घालत असणार, मला काढून टाकावं म्हणून. आमच्या कामात एकदा नाव खराब झालं की कुणी कामावर घेत नाही, आणि माझं घर याच पगारावर चालतं. मी ड्रॉप्सच्या बाटलीचा वास घेतला, आजींचे दंड तपासले, उशीचा अभ्रासुद्धा उलटा करून बघितला. काहीच नाही.

प्रकरण मॅनेजर मॅडमकडे गेलं. त्या स्टूल घेऊन खाटेजवळच बसल्या, शेजारी सुमन. "घाल वेणी, आम्ही बघतो." मी फणी लावली मात्र... आजींच्या डोळ्यांतून पाणी सुरू. चेहरा शांत, हुंदका नाही, नुसतं पाणी. सुमननं स्वतःच उशी चाचपून बघितली.

मॅडमनी आजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गावी कशाला गेली होतीस?"

"आई गेली," मी म्हणाले. गॅस संपला म्हणावं तशी.

हे मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसरा उरकला आणि परत आले. गावी, नातेपुत्याला, बायका दुखवट्याला आल्या, गळ्यात पडून रडल्या. आमच्याकडे अशा वेळी लेकीनं हंबरडा फोडायचा असतो. मी खांबासारखी उभी. "लेक हाय का दगुड?" चुलती म्हणाली, आणि मलाही तेच वाटलं. या कामानं माझ्यातलं सगळं आटवून टाकलं होतं, त्याची मला भीती वाटत होती.

"अगं बोलायचं न्हाय व्हय!" सुमन म्हणाली आणि तिनं मला जवळ ओढलं. मग मात्र मी रडले. आईसाठी रडले, आणि ज्यांच्या चादरी भाजीचा विचार करत बदलल्या त्या सगळ्यांसाठीही.

डोळे पुसून बघते तर आजींचे डोळे कोरडे ठक्क. संध्याकाळी पापण्या चिकटल्या, पुन्हा ड्रॉप्स. माझ्या ड्यूटीत त्यानंतर एकदाही पाणी आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "होतं कधी कधी असं." मॅडम म्हणतात योगायोग. मला काही पटत नाही. खरं सांगू, माझा आता त्या म्हातारीवरच संशय आहे.

कारण काल दुपारी सुमन आजींना भरवत होती. मी पाण्याचा जग ठेवायला गेले तर उशी ओली.

"सुमे, घरी काय झालंय?"

"कुटं काय... काय न्हाय की," ती म्हणाली. पण चमचा वाटीतच राहिला होता.

मी वाटी तिच्या हातातून घेतली आणि तिला बसायला स्टूल पुढे सरकवलं.